हाडांच्या डॉक्टर होणाऱ्या लेकीस

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद,

ऑर्थोला प्रवेश मिळाल्याचा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, मनातलं बोलता आलं नाही. ऑपरेशन कसं करायचं ते तुझे सर शिकवतीलच. ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून इतकी वर्षं काढल्यावर मला सांगावंसं वाटतं ते ऑपरेशननंतरचं, आणि ते जॉन चार्नली या इंग्रज सर्जनचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही.

आज जगभर खुबा बदलतात त्याचा पाया त्यांनी घातला, इंग्लंडात राइटिंग्टनच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात. मांडीच्या हाडात धातूचा लहानसा गोळा, खुब्यात टेफ्लॉन या गुळगुळीत प्लॅस्टिकची वाटी, आणि दातांच्या डॉक्टरांकडचं ॲक्रिलिक सीमेंट. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले लोक चालायला लागले. कौतुक झालं. मग वाट्या झिजल्या. झिजलेल्या कणांनी भोवतालचं हाड खाल्लं. सुमारे तीनशे पेशंटांचा प्रश्न होता.

इथे माणूस कळतो बघ. त्यांनी पेशंट दुसऱ्याच्या गळ्यात घातले नाहीत, वाट्या काढण्याची ऑपरेशनं स्वतः केली. शरीर टेफ्लॉन का सोसत नाही हे पाहायला त्याचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले. तिथे गाठी झाल्या, तेही छापून जगाला सांगितलं.

त्यांच्याकडे हॅरी क्रेव्हन नावाचे तंत्रज्ञ होते. १९६२ मध्ये एक विक्रेता पॉलिएथिलिन या दुसऱ्या प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. चार्नलींना त्यात राम वाटला नाही. ते परिषदेला गेले आणि क्रेव्हननी तो तुकडा झिजवायच्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं तेवढंही ते तीन आठवड्यांत झिजलं नाही. परत आल्यावर चार्नलींनी आकडे पाहिले आणि मत बदललं. त्याच नोव्हेंबरात नवी वाटी पेशंटला बसली. तरी त्यांनी ती लगेच बाजारात सोडली नाही. आधी आपल्याच पेशंटांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, मृत्यूनंतर सांधा अभ्यासाला द्याल का, असं त्यांना विचारून ठेवलं. पुढे १९७७ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला, पण मला मोठे वाटतात ते या चिकाटीने.

आपल्याकडे टाके काढले की पेशंट गावी जातो आणि मोबाइल नंबर बदलतो. मग पाच वर्षांनी तो लंगडतोय की शेतात जातोय, डॉक्टरला कळतच नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही कर. नाव, गाव, तारीख, कुठल्या कंपनीचं कुठल्या मापाचं इम्प्लांट, ऑपरेशनला कोण होतं ते. आणि पेशंटचा एकट्याचा नंबर पुरे समजू नकोस. गावातल्या आशाताईंचा किंवा किराणा दुकानदाराचाही लिहून घे. ते जागा सोडत नाहीत.

तुझी,
आई