फॉर्म भरायचाच, पोरी

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, मी स्कॉलरशिपचा फॉर्म नाही भरत. वर्गातल्या मुली म्हणतील, फुकटचे पैसे घेते." तेव्हा वावरात वेचणीच्या बाया होत्या, म्हणून जास्त बोललो नाही. आज सवडीनं लिहितो.

पोरी, ही कोणाची मेहेरबानी नाही. माजी सैनिकांच्या मुलांना मिळणारी पंतप्रधान शिष्यवृत्ती राष्ट्रीय संरक्षण निधीतून येते. हा निधी १९६२ सालचा, लोकांनी आपखुशीनं दिलेल्या पैशांचा. देणाऱ्यांनी तो फौजीसाठी आणि त्याच्या घरच्यांसाठीच दिला. तुझं बारसं मी फोटोत पाहिलं. तुला डेंग्यू झाला तेव्हा तुझी आई एकटी दवाखान्यात बसून होती आणि मला सुट्टी मिळाली नाही. नोकरी माझी होती, पण झळ तुम्हा दोघींनाही बसली. मग घ्यायला लाजायचं कशाला?

मुलींना महिन्याला ३,००० रुपये आहेत. २०१९ च्या आधी २,२५० होते. वर्षाचे ३६,००० एकदम तुझ्या खात्यात येतात, बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांचे १,४४,०००. कापसाचा चुकारा किती येईल हे मला आजही सांगता येत नाही. इथं एकदा निवड झाली की दरवर्षी निदान ५० टक्के घ्यायचे आणि नापास व्हायचं नाही, एवढंच. देशभरातून वर्षाला ५,५०० मुलं घेतात, त्यात निम्म्या मुली. बारावीच्या ६० टक्क्यांची अट तू केव्हाच ओलांडलीस. पण अर्ज पहिल्याच वर्षी करावा लागतो. पुढच्या वर्षी मन बदललं तर काही उपयोग नाही.

मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आलो. कल्याण संघटकांनी माझं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं पुस्तक, उघडलं आणि तुझ्या नावावर बोट ठेवलं. इंग्रजीत एक एल कमी पडलाय. मार्कशीटवर दोन आहेत. तेवढ्यावरून अर्ज परत येऊ शकतो, म्हणून प्रतिज्ञापत्र करून घेतलं. तिथंच शीलाकाकूंचीही चौकशी केली. हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पदवीपर्यंत रक्षामंत्री निधीतून मदत मिळते, ती नोव्हेंबर २०२५ पासून महिन्याला १,००० ची २,००० झाली. काकूंना स्वतःला एम.ए. करायचं असेल तर विधवांसाठीही दोन वर्षांची सोय आहे. त्यांना आजच सांगतो.

आता तुझ्या एम.एस्सी.चं. पंतप्रधान शिष्यवृत्ती तिथं चालत नाही, पदव्युत्तरमध्ये फक्त एमबीए आणि एमसीएला आहे. म्हणून हे पैसे घरी पाठवू नकोस. फी पेन्शनमधून भागवू. तुझी रक्कम खात्यात राहू दे, एम.एस्सी.ला कामी येईल. तसंही त्या प्रवेशाला बी.एस्सी.नंतर वर्षभराचा अनुभव लागतो, तेव्हा तुझी स्वतःची कमाई सुरू झालेली असेल.

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचाही विचार कर. बी.एस्सी. झालेल्या मुलींना थेट लेफ्टनंट म्हणून घेतात. उधमपूरच्या कमांड हॉस्पिटलात माझा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा रात्रपाळीला एक कॅप्टन सिस्टर होत्या. प्लास्टरखालची बोटं त्या दर फेरीला दाबून बघायच्या, नखाचा रंग परत येतो का ते. एका रात्री रंग आला नाही. त्यांनी सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना उठवून प्लास्टर कापायला लावलं. मी आज त्याच पायानं वावरात उभा आहे. तुझ्यावर माझी बळजबरी नाही, पण तसं काम तुझ्या हातून व्हावं असं मला फार वाटतं.

सोमवारी ऑफिसात बोनाफाईड माग. कॉलेजचा नेहमीचा छापील कागद चालणार नाही, सैनिक बोर्डाचा नमुना वेगळा आहे, तो व्हॉट्सॲपवर पाठवतो. त्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का दोन्ही घे. खातं तुझ्या एकटीच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं, तेही बँकेत विचारून ये. मग मला फोन कर. रविवारी मी येतो, फॉर्म सोबत बसून भरू.

तुझा,
बाबा