एटनाच्या वाइनचे श्रेय एकट्या मातीला नको

महोदय,

आपल्या पुरवणीतील इटलीच्या वाइनवरील लेखात सिसिलीतील एटनाच्या वाइनचे सारे गुण ज्वालामुखीच्या मातीच्या पदरात टाकले आहेत. मातीचे महत्त्व मला मान्यच आहे. परंतु एवढ्यावर थांबल्यास तेथील हवामानावर आणि त्याहूनही तेथे राबलेल्या माणसांवर अन्याय होतो.

मुळात एटनाची माती एकसारखी नाही. प्रत्येक उद्रेकाचा लाव्हा वेगळ्या काळी थिजला आणि वेगळ्या वेगाने झिजला, त्यामुळे बांधाच्या एका अंगाला राखेची भुसभुशीत काळी माती, तर दुसऱ्या अंगाला कुदळ न शिरणारा कातळ असे चित्र दिसते. मार्च १९८१ मध्ये रांदाझ्झो गावाला चाटून गेलेला लाव्हा द्राक्षमळे गाडत आल्कान्तारा नदीपर्यंत पोहोचला. त्या पट्ट्यात पुन्हा वेल लावण्याजोगी माती साचायला पिढ्या जातील. बाटलीवर शिवाराचे नाव छापण्याची तेथील पद्धत मातीच्या या वेगळेपणातूनच रुजली.

हवामानही उताराउताराला बदलते. पूर्वेकडे, समुद्रासमोरच्या मिलो परिसरात पाऊस भरपूर पडतो आणि तेथे कार्रिकांते हे आंबटपणा टिकवणारे पांढरे द्राक्ष साधते. उत्तर उतारावर रात्री इतक्या गार असतात, की नेरेल्लो मास्कालेसे हे काळे द्राक्ष सिसिलीसारख्या उष्ण बेटावरही ऑक्टोबरात तोडणीला येते.

इतिहासाचा भाग मात्र लेखात जवळजवळ नाहीच. एकोणिसाव्या शतकात येथील वाइन रिपोस्तो बंदरातून जहाजांनी बाहेर जात असे. पुढे फिलॉक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने घात केला. केवळ वाळूसारख्या मातीत ती फोफावत नसल्याने काही वेली आजही खुंटावर कलम न करता, स्वतःच्या मुळांवर शंभरी ओलांडून उभ्या आहेत. विसाव्या शतकात तरुण गाव सोडून गेले आणि मळे ओस पडले. १९६८ च्या डीओसी या, वाइनचे उगमस्थान प्रमाणित करणाऱ्या इटालियन मानांकनानेही ही घसरण थांबली नाही. खरी उभारी आली ती थेट या शतकाच्या तोंडावर.

शेतातून वेचलेले लाव्ह्याचे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचून उतारावर जे ताली-बांध घातले गेले, त्यांनीच ही माती जागेवर धरून ठेवली आहे. यंत्र शिरत नसल्याने त्यांची डागडुजी आणि खांबाला बांधलेल्या झुडूपवजा वेलींची छाटणी आजही हातानेच करावी लागते. लेखमालेच्या पुढील भागात या बांधांविषयी आणि ते रचणाऱ्या कारागिरांविषयी सविस्तर लिहावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक