विद्यापीठाची पाटी लागली की मुलींची फीमाफी का जाते?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावी बारावी सायन्सला गणित शिकवते. सीईटीचा निकाल लागला की मुली पालकांना घेऊन कॉलेजांच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरायला येतात. वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, इथे मुलींना फी माफ आहे ना?"

हे विचारायची हिंमत जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने दिली. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क सरकार पूर्ण भरते, विनाअनुदानित कॉलेजांतही. त्यासाठी मनापासून आभार. पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून वगळली आहेत, आणि तिथेच घोडे अडते.

खासगी संस्थांना सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. १९८३ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी ऐपत असलेले कर्नाटकात देणगी भरून शिकत, बाकीचे घरी बसत. डोनेशनचा रोग पुढे इथेही आला, पण खेड्यातली मुले इंजिनिअर झाली ती याच कॉलेजांमुळे.

आता त्यांतल्या काही संस्था विद्यापीठे होत आहेत. इमारत तीच, प्रयोगशाळा तीच, शिकवणारेही बहुतेक तेच. माझ्या एका विद्यार्थिनीची थोरली बहीण अशाच कॉलेजात तेव्हाच्या सवलतीमुळे अर्ध्या फीत शिकली. धाकटीची वेळ आली तेव्हा तिथे विद्यापीठ झाले होते आणि पूर्ण फी सांगण्यात आली. रोज एसटीने जाऊन येता येईल असे तेवढे एकच ठिकाण. वडिलांनी फीचा कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला, आणि मुलीला गावातच बीएस्सीला घातले. तिला गणितात पैकीच्या पैकी होते.

स्वतःच्या बळावर चालणाऱ्या विद्यापीठाला सरकारने पैसे का द्यावेत, असे विचारले जाईल. पण सवलत मुलीची आहे, संस्थेची नव्हे.

कॉलेजाला विद्यापीठाचा दर्जा देतानाच अट घाला: पूर्वी जितक्या जागा कॅपमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) भरल्या जात, तितक्या सवलतीच्या राहतील. त्या जागांसाठी शुल्क नियामक प्राधिकरणाने आधी ठरवलेल्या दराने सरकारने भरावे, वरची रक्कम विद्यापीठाने सोडावी. आणि मुलींच्या फीची प्रतिपूर्ती कॉलेजांना सत्र संपायच्या आत द्या, म्हणजे कॉलेजे मुलींच्या मागे तगादा लावणार नाहीत. पुढची प्रवेशप्रक्रिया सुरू होण्याआधी हे व्हावे, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षिका