बुके नको, बुक द्या म्हणालात. दिलेलं बुक उघडलंत का साहेब? एका मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाहीये. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर तुम्हाला लगेच कळेल कोणी लिहिलंय आणि का. पोचलं तरी तुम्ही ते वाचाल असा भरवसा मात्र आता माझा राहिलेला नाही, म्हणूनच टपालात न टाकता सगळ्यांसमोर लिहितेय.

मी एका ब वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात गेली 27 वर्षं ग्रंथपाल आहे. मागच्या वर्षी 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, तुम्ही आमच्या तालुक्याला आला होतात. तुमच्या ऑफिसातून आधी निरोप होता की साहेबांना हार-तुरे चालत नाहीत, बुके नको, बुक द्या. आम्हाला इतका आनंद झाला म्हणून सांगू! भाषणात तुम्ही म्हणालात की मिळालेली पुस्तकं मी आधी स्वतः चाळतो आणि मग गावोगावच्या वाचनालयांना पाठवतो, तुमच्याकडेही खोकं येईल. मी स्वतः टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून, आणि त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की या माणसाला पुस्तकाची किंमत कळते.

तुम्हाला मी जे पुस्तक दिलं ते 120 पानांचं आहे. आमच्याच तालुक्यातल्या एका रिटायर झालेल्या मास्तरांनी लिहिलेलं, दुष्काळावर. कुठल्या गावात किती विहिरी, कुठली कधी आटते, कुठल्या ओढ्यावरचा बंधारा कोणत्या वर्षी फुटला आणि का, सगळं त्यांनी सायकलवर फिरून गोळा केलंय. तुमच्या खात्याचं काम आमच्या भागात चालू होणार होतं म्हणून मुद्दाम तेच निवडलं. तुम्हाला वेळ नसतो हे मलाही समजतं, म्हणून कामाच्या पाच ठिकाणी कागदाच्या चिठ्ठ्या घालून ठेवल्या, म्हणजे सगळं नाही तर निदान तेवढं तरी वाचलं जाईल. वरून पिवळा कागद लावला आणि साडीच्या फॉलच्या उरलेल्या पट्टीनं बांधलं, कारण घरात रिबन नव्हती.

खोकं आलं नाही. सहा महिने वाट बघितली, दोन पत्रं टाकली, आणि गेल्या मंगळवारी दुसऱ्या कामासाठी तुमच्या ऑफिसात आले होते तेव्हा ती पुस्तकं बघितली. आतल्या पॅसेजमध्ये, जिन्याखाली, भिंतीला लावून थप्प्या. मी बाकावर दोन तास बसले होते, दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून मोजली. 214 पर्यंत मोजता आली, मागची दिसत नव्हती. बहुतेकांचं गिफ्ट पेपर तसंच होतं. कुणी घातलेली नावाची कार्डंही तशीच. आणि खालून चौथं माझं, पिवळ्या कागदातलं, फॉलच्या पट्टीची गाठसुद्धा मी मारली होती तशीच्या तशी.

तुमच्या पीएंना विचारलं तर ते वाईट बोलले नाहीत, उलट गोडच बोलले. म्हणाले, मावशी न्या की हवी तेवढी, साहेबांना एवढा वेळ कुठाय, आणि तसंही आजकाल वाचतं कोण. हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. वाचतं कोण? मी ज्यांच्यासाठी रोज सकाळी साडेसातला कुलूप उघडते ते कोण आहेत मग?

आता तुम्ही म्हणाल की एवढ्याशा पुस्तकावरून बाईनं केवढं रामायण केलं. साहेब, पुस्तकापुरतं असतं तर मी घरी रडून गप्प बसले असते. पण त्याच मंगळवारी मी ज्या कामाला आले होते ते ऐका. आमच्या वाचनालयाचं छत गळतंय. चार पावसाळे मी कपाटांवर प्लास्टिकचा कागद टाकून काढलेत, दोनदा रात्री अकराला टॉर्च घेऊन गेलेय, जुन्या मासिकांचे गठ्ठे भिजून त्यांचा लगदा झाला तो माझ्या हातांनी उचललाय, गुडघे गेलेत शिडी चढून उतरून. त्यासाठी मी तीन पानी अर्ज केला होता, फोटो जोडून. त्याला तुमच्या सहीचं उत्तर आलं की आपल्या संदर्भीय पत्रान्वये केलेल्या संगणकाच्या मागणीबाबत निधीच्या उपलब्धतेनुसार उचित कार्यवाही करण्यात येईल. संगणक! अर्जात संगणक हा शब्द एकदाही नाहीये. म्हणजे माझा अर्ज कुणी वाचला नाही, जे उत्तर तयार झालं ते तुम्ही वाचलं नाहीत, आणि त्यावर सही मात्र झाली. एका वाचनालयाच्या गळक्या छताच्या कागदावर ही अवस्था असेल तर धरणाच्या, जमिनीच्या, दवाखान्याच्या फायलींवर सह्या कशा होत असतील, या विचारानं मला खरंच भीती वाटली.

आणि तो बंधारा. मास्तरांच्या पुस्तकात, माझ्या दुसऱ्या चिठ्ठीच्या पानावर स्पष्ट लिहिलंय की त्या जागी खाली मुरूम आहे, पाणी थांबत नाही, आधीचा बंधारा त्याच्यामुळेच वाया गेला. फेब्रुवारीत तुम्ही त्याच जागी नारळ फोडलात. मास्तर आता 81 वर्षांचे आहेत, पेपरातला फोटो घेऊन ते वाचनालयात आले आणि मला एवढंच म्हणाले, तुम्ही दिलं होतं ना त्यांना? मी हो म्हणाले. पुढे काय बोलणार होते मी?

नेत्यांचं वाचन हा काही छंद नाहीये साहेब, जमलं तर केला, नाही तर सोडला असा. ते तुमचं काम आहे. शेतकऱ्यानं आभाळाकडे बघायला वेळ नाही म्हणून सांगितलं तर चालेल का? ज्याच्या सहीनं लोकांच्या आयुष्यात फरक पडतो त्यानं सहीच्या वरचा मजकूर वाचलाच पाहिजे, आणि लांबलचक मजकूर शांतपणे वाचायची सवय पुस्तकांनीच लागते, व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डनं नाही.

आपल्याकडे हे असं नव्हतं हो. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात पुस्तकं मागवून घेतली, 1910-11 च्या हिवाळ्यात पेन्सिलीनं गीतारहस्य लिहून काढलं. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी जागा हवी म्हणून, आणि 1917 मध्ये लंडनहून परत येताना त्यांची पुस्तकं ज्या जहाजात होती ते बुडालं तरी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून जमवली. नंतर त्याच माणसानं घटना समितीत उभं राहून उत्तरं दिली, मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या आल्या होत्या, त्यातल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या आणि त्यांवर चर्चा झाली. प्रत्येक शब्द कुणीतरी वाचला होता म्हणून तर कुणीतरी हरकत घेतली! यशवंतराव मुख्यमंत्री झाले, दिल्लीला संरक्षण मंत्री झाले, चीनच्या युद्धानंतरचे दिवस होते ते, त्यांना काय कमी कामं होती? त्यांची पुस्तकं आजही कराडला त्यांच्या पत्नीच्या नावानं असलेल्या स्मारकात ठेवलेली आहेत, जाऊन बघा एकदा.

आणि आता? माझ्याकडे वर्तमानपत्रांच्या कात्रणांची फाइल आहे त्यातून सांगते. 14 मार्च 2018 ला लोकसभेनं अख्खं वित्त विधेयक चर्चेशिवाय मंजूर केलं. 29 नोव्हेंबर 2021 ला कृषी कायदे मागे घेणारं विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, तेही चर्चेशिवाय. कायदे मागे घेतले हे बरं झालं की वाईट हा वेगळा वाद, मला त्यात पडायचं नाही, पण ज्यासाठी शेतकरी वर्षभर रस्त्यावर बसले त्याच्यावर सभागृहात बोलायला कुणाला वेळच नव्हता? पंधराव्या लोकसभेत शंभरातली सत्तरेक विधेयकं समित्यांकडे बारकाईनं वाचायला जायची, सतराव्या लोकसभेत शंभरातली वीससुद्धा गेली नाहीत. हा दोष एका पक्षाचा नाही, सगळ्यांचाच आहे, कारण विरोधात बसलेल्यांनी तरी ती वाचलेली असतात का? हातात कागद धरून ओरडायचं, फाडायचे, फेकायचे. फाडायच्या आधी वाचावे तरी!

पण फक्त तुम्हालाच बोलून मी थांबले तर तो तुमच्यावर अन्याय होईल. तुमची परीक्षा घेणारे तरी कुठे वाचतात? दोन वर्षांपूर्वी तुम्ही एका भाषणात एका संताचा अभंग दुसऱ्याच्या नावावर सांगितला होता, त्याची क्लिप किती फिरली, किती घाणेरड्या कॉमेंट आल्या तुमच्या शिक्षणावरून. आमच्या वाचनालयात पेपर वाचायला येणारी माणसंसुद्धा खो खो हसत होती. मी तेव्हा त्या सगळ्यांना विचारलं की बरं, मग तो अभंग पूर्ण म्हणून दाखवा. एकालाही येईना. त्यातल्या तिघांच्या नावावर गेल्या वर्षभरात एकही पुस्तक गेलेलं नव्हतं, माझ्याकडे रजिस्टर आहे ना. चुकीचं नाव घेतलं म्हणून हसणारे खूप, पण न वाचता सही केली म्हणून जाब विचारणारा एक नाही.

टीव्हीवाले तर मुलाखतीत विचारतात, साहेब सध्या काय वाचताय? मग साहेब कुठल्या तरी जाडजूड चरित्राचं नाव घेतात, मागे कपाटात पुस्तकं रचलेली असतात आणि सगळे खूश. अहो, त्या मुलाखत घेणाऱ्यानं असं का नाही विचारायचं की गेल्या अधिवेशनात तुम्ही मांडलेल्या विधेयकाचं तिसरं कलम काय आहे, जरा सांगा? नाही विचारत, कारण त्यानंही ते वाचलेलं नसतं. आम्ही मतदार तरी काय करतो, जाहीरनामा आमच्या दारात येतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पोरांचे चप्पल-बूट असतात, आणि मग पाच वर्षं आम्ही म्हणतो की फसवलं.

आणि शिक्षणावरून कुणाला हिणवणं तर मला अजिबात मान्य नाही. गाडगेबाबांना अक्षरओळख नव्हती, पण शिक्षणासाठी त्यांनी जेवढं केलं तेवढं पदव्या मिरवणाऱ्या किती जणांनी केलं? वसंतदादा शाळा फार शिकलेले नव्हते, पण समोर आलेलं माणूस आणि त्याचा कागद दोन्ही त्यांना कळायचे असं त्यांच्याबरोबर काम केलेले लोक आमच्याकडे अजून सांगतात. दुसऱ्या बाजूला स्टालिन, त्याच्या संग्रहात 25,000 च्या आसपास पुस्तकं होती, समासात शेरे मारत वाचायचा, आणि त्याच हातानं त्यानं माणसं मारायच्या याद्यांवर सह्या केल्या. तेव्हा वाचलं की माणूस देव होतो असं मी म्हणत नाहीये, 27 वर्षं पुस्तकांत काढल्यावर एवढं तर मलाही कळतं. माझं म्हणणं साधं आहे. माणसानं त्याच्या हाताशी येऊन पडलेला कागद उघडावा. कुणीतरी सायकलवर फिरून, कुणीतरी रात्री जागून तो लिहिलेला असतो.

राज्यात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. तो करणाऱ्यांना वाचनाचं मोल कळत होतं. आज अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत, त्यातली कितीतरी एका कपाटावर आणि एका बाईच्या किंवा एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या जिवावर चालतात, अनुदानाच्या हप्त्याची वाट बघत. दसऱ्याला मुलाला नवे कपडे घ्यायचे पैसे मी एका वर्षी उसने घेतलेत, कारण हप्ता आला नव्हता, आणि त्याच आठवड्यात वाचनसंस्कृतीवरच्या तुमच्यासारख्यांच्या भाषणाला मी पुढच्या रांगेत बसले होते. पोरगा आता मोठा झालाय, म्हणतो आई सोड ते. नाही सोडवत मला.

मला तुमच्याकडून फार काही नको. छताचा अर्ज परत जोडतेय, तो वाचा. जिन्याखालची पुस्तकं ज्या वाचनालयांना कबूल केली होती त्यांना पाठवा, गाडीभाडं आम्ही लोकवर्गणी काढून देऊ. आणि बंधाऱ्याचं काम अजून पायापर्यंतच आलंय, तोपर्यंत ते पान बघा आणि मास्तरांना एकदा बोलावून घ्या, त्यांना प्रवास झेपत नाही तर फोन करा.

पिवळ्या कागदातलं माझं पुस्तक मी त्या दिवशी उचलून आणलं, पीएंना सांगून आणलं. कागद सोडलेला नाही. ते आता माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि तुमच्या नावानं मी वाचनालयाचं सभासदत्व घेतलंय, वर्षाची वर्गणी भरली, कार्ड तयार आहे. वाचनालय सकाळी साडेसात ते साडेअकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं, सोमवारी बंद. स्वतः या किंवा माणूस पाठवा. चिठ्ठ्या अजून जागच्या जागी आहेत.

तुमची,
एक ग्रंथपाल