अमर शेखांचा आवाज कुठं ऐकायला मिळेल?

संपादक साहेब, नमस्कार.

२९ ऑगस्ट येऊन गेला, शाहीर अमर शेखांचा स्मृतिदिन. १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठेंच्या जयंतीला आमच्याकडे बॅनर लागतात, मिरवणूक निघते, ती निघायलाच पाहिजे. पण ज्या माणसानं अण्णाभाऊ आणि शाहीर गवाणकरांच्या खांद्याला खांदा लावून कम्युनिस्टांचं लाल बावटा कलापथक गाजवलं आणि १९६९ साली अण्णाभाऊंच्या मागं सहा आठवड्यात जो ॲक्सिडेंटमध्ये गेला त्याच्यासाठी पेपरात चार ओळी नाहीत, व्हॉट्सॲपवर साधा फोटो फिरला नाही. मनाला फार लागलं म्हणून लिहितोय.

आमचे आबा अमळनेरला मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे मागावर कापड विणतात तिथं होते. त्याच्या आधी दोनेक वर्षं ते मुंबईला नातेवाईकांकडे राहून गिरणीत बदली काम करायचे, संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते, पाळी सुटली की डबा हातात घेऊन तसेच परळच्या कामगार मैदानावर सभेला जायचे. भाषणं कोणाकोणाची झाली ते म्हातारपणी त्यांना आठवायचं नाही पण अमर शेख कसे उभे राहिले, डफावर थाप कशी पडली, मागची माणसं कशी चूप झाली हे अगदी परवा ऐकल्यासारखं सांगायचे. म्हणायचे, "तेस्ना आवाजले माईक लागे नई." एवढं बोलून स्वतः गायला लागायचे आणि दोन ओळींनंतर डोळे पुसायचे. आई स्वैपाकघरातून म्हणायची झालं का यांचं सुरू, पण तीही चूल सोडून दारात येऊन उभी राहायची.

आबांना तो माणूस आपला का वाटायचा ते मला फार उशिरा कळलं. बार्शीचा मेहबूब हुसेन पटेल, गाणं आलं ते आई मुनेरबीकडून, आधी गाडीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, संप केला म्हणून तुरुंग, आणि तिथून कम्युनिस्ट. म्हणजे गिरणीचं गाणं गाणारा हा स्वतः गिरणीतलाच होता. मुसलमान घरातल्या या शाहिरानं शिवाजी महाराजांचा पोवाडा लिहिला, होळकरांचा लिहिला, उधमसिंगांचा लिहिला, गोव्याच्या लढ्यात गायला आणि १९६२ ला चीननं हल्ला केला तेव्हा हाच कम्युनिस्ट जवानांसाठी निधी जमवायला गात फिरला. आचार्य अत्रे त्याला महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हणायचे, म्हणजे रशियन क्रांतीचा तो कवी. आज नाव ऐकूनच माणूस कुठल्या बाजूचा ते ठरवून टाकतात तेव्हा मला अमर शेख फार आठवतात.

आणि खानदेशानं तर त्यांना विसरूच नये. ज्या संयुक्त महाराष्ट्रासाठी ते गायले ते राज्य १ मे १९६० ला झालं, मुंबई मिळाली, पण डांग गेला आणि आपल्या पश्चिम खानदेशातली नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा भागातली दीडशेच्या वर गावं गुजरातेत गेली. आबा दर १ मेला पेढा खायचे आणि हे सांगायचे, एकही वर्ष चुकलं नाही.

यंदा नातीच्या शाळेत महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता. ती म्हणाली बाबा, तुम्ही सांगता त्या शाहिरांचं गाणं लावून द्या ना. मोबाईलवर शोधायला बसलो तर दुसऱ्यांनी गायलेलं भरपूर सापडलं, त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं अगदी थोडं, तेही खरखरणारं. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह वाचनालयात विचारले तर तिथल्या मुलानं नावच पहिल्यांदा ऐकलं होतं, त्याला तरी काय दोष द्यायचा.

म्हणून दोन विनंत्या आहेत. मुंबई विद्यापीठात अमर शेखांच्या नावानं अध्यासन आहे, त्यांनी जिथं कुठं जुन्या तबकड्या, टेप असतील त्या गोळा करून साफ करून सगळ्यांना फुकट ऐकायला ठेवाव्यात. दुसरी विनंती तुम्हाला. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये कलापथकं बघितलेली, डफ वाजवलेली, मोर्चात गायलेली माणसं आता ऐंशीच्या पुढं आहेत. आमच्या गल्लीत वही (हा आपल्या खानदेशातला लोकगीताचा प्रकार) गाणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे जुनी गाण्याची वही आहे, पानं पिवळी पडलीत, अक्षर त्यांचं त्यांनाच लागतं. अशांसाठी रविवारी अर्धं पान द्या, तुमचा वार्ताहर पाठवा, गाणं म्हणायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करून घ्या. काकांकडे मी स्वतः घेऊन जातो, सकाळी दहाच्या आत या, दुपारनंतर त्यांना दम लागतो.

आपला,
एक जुना वाचक, अमळनेर