मानेकडची बाजू बंद करू नकोस

प्रिय बंड्या,

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले आणि मी गप्प. चूक माझीच. तब्येत ठीक, गुडघा आहे तसा आहे. पण काल पोलंडमध्ये क्राकोच्या चौकात शिल्पकार मितोराजने घडवलेलं ब्राँझचं डोकं पाहिलं आणि तू ओततोयस त्या इकारसच्या डोक्याबद्दलची तुझ्या पत्रातली ती ओळ मनातून जाईना : 'ओतारी म्हणतो, इकारसच्या मानेला पत्रा मारून बंद करू.' बाबा रे, करू नकोस.

'एरोस बेंदातो', १९९९ चं. बेंदातो म्हणजे पट्टी बांधलेला. मानेशी छाटलेलं प्रेमदेवाचं भलंमोठं डोकं आडवं पडलंय, चेहऱ्याभोवती पट्ट्यांचे वेढे, डोळ्यांच्या जागी आरपार भोकं. पोरं आत शिरतात आणि त्या डोळ्यांतून बाहेर बघतात.

मास्तरांसमोर झालेलं आपलं भांडण आठवतंय ना? ग्रीकांच्या मूर्ती काळाने फोडल्या, हा मितोराज मुद्दाम फोडतो, असं तू म्हणायचास. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं, ते काल मिळालं. संगमरवर फुटला तर आतही संगमरवरच. ब्राँझ म्हणजे पाच-सहा मिलिमीटरची कातडी, आत नुसती हवा. बाकीचे ती पोकळी झाकतात आणि मूर्ती भरीव असल्याचा भास करून देतात. मितोराजने कड उघडी ठेवली, म्हणून त्याचा एरोस पोकळ दिसतो आणि तेच त्याचं दुःख वाटतं. हा माणूस क्राकोत पोलिश चित्रकार कांटोरच्या हाताखाली चित्रकला शिकला, १९६८ त पॅरिसला गेला, १९८३ त इटलीत पिएत्रासांताला कारखाना थाटला. संगमरवराच्या आणि ओतकामाच्या त्या गावात दोन्हींतला फरक रोज हाताखालून जात असणार.

आता तुझं काम. मेण वितळून गेलं की त्याच जागी रस येतो, म्हणून उघडी कड मेणाच्या नमुन्यातच जाड कर, आठ ते दहा मिलिमीटर. पातळ कडेला रस सगळ्यात आधी थिजतो आणि साचा पुरा भरत नाही. पण जाडी एकदम वाढवू नकोस, हाताच्या रुंदीभर हळूहळू उतरती घे. नाहीतर जाड भाग शेवटी आवळतो, आत सच्छिद्र राहतो आणि घासताना ती भोकं उघडी पडतात. कडेला दोन-तीन ठिकाणी रायझर, म्हणजे आवळताना जादा रस पुरवणाऱ्या नळ्या, हव्यातच. धातू थंड होताना आकसतो, म्हणून मेणाचं माप दीड ते दोन टक्के मोठं धर.

मान उघडी असली की साच्यासाठी मेणावर चढवायचा सिरॅमिकचा घोळ आतूनही नीट बसतो आणि थर वाळतो. ओला राहिलेला थर भाजताना तडकतो. मोठं डोकं तुकड्यांत ओतशील, तेव्हा ८५-५-५-५ (८५ टक्के तांबं, बाकी कथील, शिसं आणि जस्त पाच-पाच टक्के) घेऊ नकोस, त्यातलं शिसं तुकडे जोडायच्या टिग वेल्डिंगला नडतं. सिलिकॉन ब्राँझ घे आणि वेल्डिंगला त्याच मिश्रणाची काडी वापर, नाहीतर रंग चढवल्यावर प्रत्येक सांधा वेगळा दिसेल. आतला सांधाही घासायचा, तोही दिसणार आहे.

पत्र्याबद्दल एवढंच, की त्याच्या सांध्यात केसाएवढं भोक राहतंच. पावसाचं पाणी आणि खारी हवा आत जाते, बाहेर येत नाही. आत विसरलेला लोखंडी खिळा असला तर तो गंजून फुगतो. दोन पावसाळ्यांत हिरवे-तांबडे ओघळ यायला लागतील, आणि तुझं डोकं तर समुद्रकाठी बसणार! आडव्या गालाच्या सगळ्यात खोल जागी बारा मिलिमीटरचं भोक पाड, पट्ट्यांच्या घड्यांना बाहेरच्या बाजूला उतार दे. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचेच, आणि ब्राँझशी थेट टेकू नयेत म्हणून मध्ये नायलॉनची चकती.

रंग आतूनही चढव. तपकिरीला फेरिक नायट्रेट, हिरव्याला कॉपर नायट्रेट. धातू इतका तापव की फवारा पडताच चुर्र होईल. लाल होईपर्यंत नको. कोमट असतानाच मेण लाव, पुढे दर पावसाळ्याआधी पुन्हा. कडेला हात लागून सोनेरी झळाळी येईल, ती येऊ दे.

वहिनींचे रिपोर्ट आले का? पोरीचं पुण्याचं ठरलं की नाही, कळव. आईला नमस्कार.

मेणावर कड बसवलीस की फोटो पाठव, आतल्या बाजूनेही काढ. माझं उत्तर येईपर्यंत साचा भाजू नकोस.

तुझा,
अण्णा