रेडिओवाल्या काकांना, नववीच्या वर्गाकडून

प्रिय काका,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, लिहिलं तर रागवाल. सोलापुरात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात ज्यांची हयात गेली ते काका, एवढ्यावर ओळखणारे ओळखतील. तुम्ही आमच्या वर्गात येऊन रेडिओ दुर्बिणीतून ताऱ्यांचा जन्म कसा कळतो ते शिकवलंत, त्याबद्दलचं हे पत्र.

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे, म्हणजे वायू-धुळीच्या चमकत्या ढगाचे, रंगीत फोटो पाहिजे तेवढे मिळतात. पण तारे धुळीच्या आत जन्मतात तर ते कळतं कसं, असं पोरांनी विचारलं की फोटो गप्प बसतो. तुम्ही फळ्यावर आधी लाट काढलीत. धुळीचा कण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासचा, म्हणून प्रकाश तिथेच अडतो. रेडिओ लहर मिलिमीटरपासून मीटरपर्यंत लांब, तिला तो कण जाणवतही नाही. मागच्या बाकापर्यंत पोचलं.

मग पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या, 25 किलोमीटरवर पसरलेल्या. दोन-दोनच्या जोड्या केल्या तर 435, आणि सगळ्या जोड्या मिळून एक चित्र. "एक जोडी म्हणजे चादरीतला एक धागा. पहिल्या धाग्यात नक्षी दिसते का रे?" ज्यांच्या घरी माग चालतो ती पोरं एका सुरात "नाही!" म्हणाली.

मला मात्र त्यानंतरचं जास्त आवडलं. आपल्या जिल्ह्याशेजारची दुर्बीण म्हणून तिची नुसती आरती ओवाळली नाहीत. तारे ज्या वायूतून घडतात तो उणे 260 अंशांच्या आसपास थंड असतो, तिथला हायड्रोजनचा रेणू मुकाच, स्वतःची लहर जवळजवळ सोडतच नाही. म्हणून त्याच्यासोबतचा कार्बन मोनॉक्साइड शोधतात, 2.6 मिलिमीटरच्या लहरीवर. मृगातच तो 1970 मध्ये पहिल्यांदा सापडला. ("म्हणजे गाडीच्या धुरातला?" "तोच!") या लहरी टिपायचं काम खोडदचं नाही, आज ते चिलीतल्या आल्मा या दुर्बिणीच्या 66 अँटेनांचं, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. खोडदला दिसतो तो नव्या, मोठ्या ताऱ्यांनी तापवून आयनित केलेला, म्हणजे अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे झालेला, वायू. एक दुर्बीण जन्माआधीचं सांगते, दुसरी जन्मानंतरचं. बारशाला कोण कोण आलं, हे विचारायचं पोरांनी सोडलं नाही.

तुम्ही मानधन घेतलं नाहीत, रिक्षाचे पैसेही नाही. हे काही बरं नाही, काका.

28 फेब्रुवारीला खोडदला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं. मुलांना न्यायचा विचार आहे. खिडकीची जागा तुमची. डबा आणू नका, कडक भाकरी आणि शेंगाचटणी मुलांच्या घरून येणार आहे.

तुमची,
नववीच्या विज्ञानाची बाई
सोलापूर